आधी तळ, मग गाडी

घर चाकांवर घालून कायमचं बाहेर पडायचं, असं मनात घेतलेला माणूस भेटला की पहिला अर्धा तास गाडीवरच जातो. ट्रॅव्हलर घ्यायची की विंगर, छप्पर किती उंच, पलंग आडवा बसतो की उभा, गॅसची टाकी कुठे ठेवायची, डिझेलला किती पडते. बोलणारा हौसेने बोलतो, त्यामुळे ऐकायलाही मजा येते. या पुस्तकात मात्र गाडीचं प्रकरण पाचवं आहे आणि सगळ्यांत लहान आहे. ते मुद्दाम तसं ठेवलंय. पैसे मोजले की गाडी मिळते. पुण्याच्या आसपास ती आतून हवी तशी बांधून देणारे कारागीरही आहेत. रात्री ती उभी कुठे करायची, हा प्रश्न मात्र रोज दिवेलागणीला नव्याने पडतो आणि त्याचं उत्तर कुठल्याच शोरूममध्ये मिळत नाही.

हे पुस्तक भोंगवलीत बसून तयार झालं. भोर तालुक्याच्या पूर्व अंगाला, नीरेच्या खोऱ्यातलं हे गाव. तालुक्याच्या पश्चिमेला, हिरडस मावळात, पाऊस इतका की भाताशिवाय दुसरं काही सुचू नये. पूर्वेकडे येता येता तोच पाऊस हात आखडता घेतो आणि ज्वारी-बाजरीचं रान लागतं. दोन दिवसांच्या पायी चालीत एवढा फरक. या भागातली माणसं वर्षानुवर्षं घरदार घेऊन का हलत आली, याचं निम्मं उत्तर या उतरत्या पावसात आहे. नीरा ओलांडली की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा सुरू. पुणे-सातारा महामार्गही इथून लांब नाही. दिवाळीच्या सुमारास या खोऱ्यातून मेंढरांचे वाडे सरकतात. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. चैत्रात गावोगावच्या जत्रांसाठी तमाशाच्या फडांचे ट्रक रात्रीचे धावतात. पलीकडच्या अंगाने, जेजुरी-वाल्ह्याकडून, माउलींची पालखी नीरेवर येते. अलीकडे या सगळ्यांत उंच छपराच्या, पडदे लावलेल्या मोटारींची भर पडली आहे. पुस्तक या शेवटच्या मंडळींसाठी लिहिलंय, पण त्यात शहाणपणाचं जे काही आहे ते बहुतेक आधीच्या मंडळींकडून उचललेलं आहे.

वाड्यापासून सुरुवात करतो. पूर्ण वेळ फिरणाऱ्या संसाराची इतकी पक्की घडी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एकत्र चालणारी काही धनगर कुटुंबं आणि त्यांची मेंढरं मिळून एक वाडा होतो. बाजरी निघाली की पठारावरच्या कोरड्या भागातले वाडे पश्चिमेची वाट धरतात. तोवर कोकणात भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी पडलेली असतात, तिथल्या शेतकऱ्याला खत हवं असतं आणि मेंढरांना चारा. महिनाभर चालत, चरत, मुक्काम करत वाडा घाट उतरतो. मृगाच्या आत तो परत वर आलेला असतो, कारण दख्खनी मेंढीला कोकणचा पाऊस सोसत नाही. पावसाळा पठारावर, आपापल्या गावी. तिथे घर असतं, थोडी जमीन असते, शाळेत जाणारी पोरं सांभाळत बसलेली म्हातारी माणसं असतात.

तळ हलतो तेव्हा बघावं. पुरुष मेंढरं घेऊन आडवाटेने चरत निघतात; घर हलवतात त्या बायका. घोडीच्या पाठीवर आधी जुन्या घोंगड्यांच्या घड्या, त्यावर खोगीर. दोन्ही अंगांना धान्याच्या पिशव्या, वजन सारखं पडेल अशा बेताने. मग मेंढरं कोंडायची गुंडाळलेली जाळी म्हणजे वाघर, मेखांचा भारा, पालाचं कापड, अंथरूण. भांडी त्याच्या वर. आणि सगळ्यांत शेवटी, हाताला पहिल्यांदा लागेल असं, तवा, परात, कळशी आणि वाटेत वेचलेलं थोडं सरपण. बाजूला पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीत दोन दिवसांची कोकरं, माथ्यावर करकचून बसवलेलं एखादं पोर नाही तर कुत्र्याचं पिलू. पोचल्याबरोबर जे लागणार ते वर, उद्या लागणार ते खाली. नव्या जागी पोचल्यावर तीन दगड मांडून चूल पेटायला कितीसा वेळ लागणार? मोटारघराच्या आतल्या कपाटांचा आराखडा काढण्याआधी हौशी माणसाने एकदा हे ओझं चढताना आणि उतरताना पाहावं. पहिल्याच पावसात गाडीतला सगळा पसारा उपसून तळाशी ठेवलेली छत्री शोधणारे लोक कमी नाहीत. आता घोडीच्या पाठीवर सौर पाटीही दिसते, मोबाइल आणि बॅटरी चार्ज करायला. काही वाड्यांनी घोडी काढून छोटा टेम्पोही घेतलाय.

पण खरी गंमत ओझ्यात नाही, तळाच्या जागेत आहे. संध्याकाळी मेखा ठोकून भोवती वाघर लावतात आणि मेंढरं तिच्या आत बसवतात. ज्या रानात ती बसवायची त्या रानाचा मालक स्वतः निरोप धाडतो, कधी वाट अडवून सांगतो, यंदा आमच्याकडे बसवा. मेंढरं किती आणि राती किती, यावर धान्य किंवा रोख पैसे ठरतात. रानाला लेंडी मिळते, मूत मिळतं, ते वाहून आणायला नको की पसरायला नको. दुसऱ्या रात्री वाघर काही पावलं पुढे सरकवली की पुढच्या पट्ट्याला खत. म्हणजे मुक्कामाला आलेला पाहुणा जागेचं भाडं देत नाही, उलट जागेचा मालकच त्याला थांबण्याचे पैसे देतो. रासायनिक खताच्या गोण्या आणि बारमाही पाणी आल्यावर हा व्यवहार ढिला पडला. नीरेकाठी ऊस उभा असला की रान मोकळं राहत नाही आणि मोकळ्या रानाशिवाय मेंढरं बसवणार कुठे? तरीही अजून, कांदा किंवा ज्वारी निघाल्यावर, वाड्याची वाट पाहणारे शेतकरी या भागात आहेत.

या थांबण्याच्या नात्याला देवही लागून आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवर ग्रंथ लिहिला. त्यातला म्हस्कोबा आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या वीरचा. हा देव सोनारीहून आपल्या धनगर भक्तामागे आला आणि इथे स्थिरावला, अशी कथा आहे. चालत्या माणसांनी देवालाही आपल्यासोबत चालवत आणलं आणि मग त्याला एक ठाणं दिलं. दरवर्षी माघात तिथे यात्रा भरते.

आता मोटारघर. त्यातही रोज मैला तयार होतो, फक्त तो कुणालाच नको असतो. सगळा फरक इथे आहे, आणि माझ्या मते चाकांवर राहण्याची बाकीची सगळी अडचण यातूनच निघते. गाडीत बसवायच्या संडासाची सुटी टाकी साधारण १८-२० लिटरची असते. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. वास येऊ नये म्हणून तिच्यात रसायन घालतात, आणि काही रसायनं अशी असतात की ती गावच्या शोषखड्ड्यात किंवा गोबरगॅसमध्ये गेली तर तिथले जिवाणूच मारतात. म्हणजे ज्याच्या परसात तुम्ही रात्र काढली त्याचाच खड्डा बिघडवून सकाळी निघायचं. रस्त्याकडेच्या ओढ्यात नळी सोडणारेही मी पाहिलेत. त्यांच्या गाड्या चांगल्या महागाच्या होत्या. ओढ्याचं पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीला लागतं, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणूनच संडासाचं आहे. वाचकाने नाक मुरडलं तरी ते आधी वाचावं. त्यात कोरड्या संडासाचा पर्याय सविस्तर दिलाय: लघवी वेगळी काढायची, मैल्यावर प्रत्येक वेळी भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, डबा भरला की काही महिने कुजू द्यायचा. भोरच्या पश्चिमेला भाताच्या गिरणीवर तूस मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. हा उद्योग गाडीत बसून पुरा होत नाही, त्याला जमिनीचा एक तुकडा लागतोच. पुन्हा तळ आला.

पाण्याचा हिशोब त्याहून साधा, पण लोक तोही करत नाहीत. १०० लिटरची टाकी म्हणजे गाडीवर १०० किलो वजन. दोघांनी तांब्याने मोजून अंघोळ केली, भांडी आधी पुसून मग धुतली, तर दिवसाला ३०-३५ लिटर जातात. तिसऱ्या दिवशी नळ शोधणं आलंच. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो तिथे १०० लिटर पाणी मागायचं म्हणजे काय मागतोय याचं भान हवं. विजेचंही तसंच. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १.२ युनिट. लिथियमची असेल तर त्यातली बहुतेक वीज वापरता येते, जुन्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच काढलेली बरी. पंखा, दिवे, छोटा फ्रिज यावर निभतो. दीड किलोवॉटचा एसी लावला की तासाभराच्या आत बॅटरी आडवी. सौर पाट्या छपरावर असतात आणि इथे एक पेच आहे जो कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत: चैत्रात गाडी आंब्याखाली लावावी तर पाट्यांना ऊन नाही, उन्हात लावावी तर आत बसवत नाही. यावर सुटी, जमिनीवर मांडायची पाटी हा उपाय. घोडीवरच्या धनगरीण बाईने तो न विचारताच केलेला आहे.

मुक्काम हीच एक संस्था कशी होते, हे पाहायचं तर पालखीकडे बघावं. आज दिसणारी सोहळ्याची घडी आरफळच्या हैबतबाबांनी बसवली. दिंड्यांचा रथापुढचा-मागचा क्रम ठरलेला, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले: सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरेत पादुकांना स्नान आणि लोणंद. दिंडी पायी चालते, पण तिचा संसार ट्रकमध्ये असतो. तो ट्रक पुढे जाऊन तळावर लागतो, राहुट्या ठोकल्या जातात, चुली पेटतात, पाण्याचा टँकर येतो. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतात आणि हजारो माणसं एकदम गप्प होतात. मग दिवसभरात हरवलं-सापडलं त्याची घोषणा होते. चाकांवरचं एवढं मोठं गाव जमिनीचा एक चौरस फूट विकत न घेता दरवर्षी त्याच जागी राहून जातं, कारण त्या जागेने त्याला आपलं मानलेलं असतं.

तमाशाच्या फडांवर इथे फार लिहीत नाही. त्यांचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात आणि गावकरी तिथे येऊन सुपारी देतात. रोज नवं गाव, ट्रकमध्येच झोप, ट्रकमागेच साडी नेसणं. रस्त्यावर जगणाऱ्या बायकांच्या अडचणींबद्दल लिहिताना फडातल्या बायकांचं बोलणं फार उपयोगी पडलं.

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. निगड्याला राजगड कारखाना, पलीकडे सातारा जिल्ह्यातले कारखाने. या पट्ट्यात हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, कारखान्याजवळ उसाच्या पाचटाची कोपी. पाच-सहा महिने घराबाहेर, पोरांची शाळा अर्धवट. तेही घर सोबत घेऊनच फिरतात, पण त्यांना कुणी ‘निवड’ विचारलेली नाही. मोटारघराच्या छायाचित्रांखाली ‘मुक्त जीवन’ असं लिहिणाऱ्यांनी एकदा कोपीत रात्र काढलेल्या बाईशी बोलावं. या पुस्तकात टोळ्यांचा उल्लेख येतो तो रस्त्यावर पाणी, सावली आणि सुरक्षितता यांची किंमत काय असते हे कळावं म्हणून. त्यात शोभेसाठी काही नाही.

फिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सवय आपल्याकडे कायद्यानेच मुरवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, परवाने, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, नजर मात्र पुरती गेली नाही. गाढवावर संसार घेऊन फिरणाऱ्या कैकाड्यांचं जगणं लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’मध्ये लिहिलं, ते १९८० साली. त्याच रस्त्यावर आज चकचकीत गाडीतून उतरणाऱ्याला गावकरी चहा विचारतात आणि शेजारीच पाल टाकलेल्या घिसाड्याला कधी हलणार म्हणून विचारतात. हे चित्र ज्याला खटकत नाही त्याने हे पुस्तक बाजूला ठेवलं तरी चालेल.

कायद्याचं आणखी एक बोट मोटारघरवाल्यालाही लागतं. मोटार वाहन कायदा सांगतो की एका राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नवी नोंदणी करून घ्यावी. मतदार यादीत नाव हवं तर तुम्ही सर्वसाधारणपणे कुठे राहता ते दाखवावं लागतं. गाडीच्या रचनेत बदल करायचा तर त्यालाही परवानगी लागते. साध्या मालवाहू गाडीत पलंग ठोकून निघालात तर वाटेत अडचण आणि विम्यात त्याहून मोठी अडचण. थोडक्यात, माणूस फिरत असला तरी त्याचा पत्ता फिरू नये अशी सरकारची अपेक्षा असते. पत्त्याचं प्रकरण म्हणूनच गाडीच्या आधी घेतलंय. धनगराचं गावाकडचं घर आणि तिथली म्हातारी माणसं ही या प्रश्नाची जुनी सोडवणूक आहे. सगळं विकून बाहेर पडणाऱ्यांनी ती लक्षात घ्यावी. एक खोली, एक पेटी, एक विश्वासाचा माणूस मागे असू द्यावा.

राज्य शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर त्यांच्या तळांचाही, म्हणजे कॅरव्हॅन पार्कचाही, विचार आहे, हे चांगलं झालं. गाड्या लवकर दिसू लागतात, तळ मागे पडतात. इंग्लंडमध्येही सुरुवात अशीच झाली होती. डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली हौसेने फिरण्यासाठी ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधून घेतली. तिची कल्पना रोमा लोकांच्या गाड्यांवरून घेतलेली होती. साहेबाची गाडी कौतुकाची ठरली, पण ज्यांच्याकडून ती उचलली त्या रोमांना रस्त्याकडेला थांबू देण्याबाबत तिथले वाद आजही संपलेले नाहीत.

राहता राहिला पावसाळा. वरंध घाट पावसात अनेकदा बंद असतो, दरडी येतात. भोरहून महाडला उतरायचा बेत आषाढात आखू नये. गाडीच्या छपराचे सांधे पाझरतात, गाद्यांना बुरशी येते, सौर पाट्या आठवडाभर झोपतात. बैरागी असो, जैन मुनी असोत की मेंढपाळ, या देशातले आयुष्यभर फिरणारे चार महिने एका जागी बसतात. ज्यांनी आयुष्य चालण्यात घालवलं त्यांनी जो नियम पाळला तो चार चाकं आली म्हणून मोडण्यात शहाणपण नाही. आठ महिने फिरणं आणि चार महिने बसणं, या हिशोबानेच पुढची आखणी केली आहे.

वाचायचा क्रम एवढाच: संडास, पाणी, जागा, पत्ता, मग गाडी. पैशाचं प्रकरण शेवटी आहे, कारण आधीची पाच वाचल्याशिवाय त्यातले आकडे फसवे वाटतील. घाईत असलेल्याने ‘जागा’ हे प्रकरण तरी सोडू नये. त्यात विचारायची रीत दिली आहे: दिवस मावळायच्या आत गावात पोचावं, घरातल्या बाईमाणसासमोर बोलावं, आपण किती जण, किती राती, पाणी किती लागेल आणि घाण कुठे नेणार हे न विचारता आपणच सांगावं. बदल्यात काय द्यायचं तेही तेव्हाच बोलावं. वाड्याकडे लेंडी असते. तुमच्याकडे हातातलं एखादं काम असेल, पोरांना शिकवण्याची हौस असेल, नाही तर सरळ पैसे. काहीतरी असलं पाहिजे.

मुक्कामाच्या जागांची यादी छापावी, असा आग्रह ज्यांनी कच्चा मजकूर वाचला त्यांतल्या बहुतेकांनी धरला. माझ्या वहीत ती आहे. भोर, वेल्हे, पुरंदर आणि खाली महाडपर्यंतची. ती इथे दिलेली नाही. ज्यांच्या रानात गाड्या उभ्या राहिल्या त्यांनी त्या ओळखीवर, शब्दावर उभ्या करू दिल्या होत्या. छापील यादीवरून रोज चार गाड्या दारात येऊ लागल्या तर पहिल्याच आठवड्यात ते फाटकाला कुलूप लावतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

भोंगवली, ता. भोर